शेकोटी आणि शेजारधर्म

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या टपालात थंडीची पत्रे येऊ लागतात. कोणी डिंकाच्या लाडवांचे प्रमाण कळवतात, कोणी गुडघेदुखीवरचा लेप सांगतात, कोणी मुलांच्या परीक्षा ऐन थंडीत का घेता म्हणून आम्हां मास्तरमंडळींना खडसावतात. यंदा एका वाचकांनी वेगळाच प्रश्न धाडला आहे. त्यांचा मुलगा परदेशी असतो. नाताळच्या सुटीत तो सहकुटुंब घरी येणार आहे, आणि तेथल्या आपल्या घरामागे आहे तसा ‘फायर पिट’ आईवडिलांच्या घराच्या मागच्या अंगणातही बांधावा असा त्याचा आग्रह आहे. घर इंदुरातल्या एका नव्या वसाहतीत, वीस बाय पन्नासच्या प्लॉटवर. मागे दहा फुटांची मोकळी पट्टी, तीत एक लिंबाचे झाड. शेजारच्या गृहस्थांनी हे ऐकताच बजावले, की असे काही पेटवलेत तर तक्रार करू. “तेव्हा यास परवानगी लागते काय, लागत असल्यास कोणाची, आणि नसल्यास शेजाऱ्यांस काय उत्तर द्यावे?” असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे.

आम्ही वकील नव्हे. परंतु परिपत्रके वाचण्यात आणि वाचून दाखवण्यात आमची निम्मी नोकरी गेली आहे, आणि अग्नीच्या बाबतीत एक धडा आम्हांला फार महागात शिकावा लागला आहे. तो पुढे येईलच. म्हणून हे उत्तर त्या एका घरापुरते न देता सर्वांसाठी येथे देत आहोत.

प्रथम शब्दाविषयी दोन शब्द, कारण मराठीच्या मास्तराला त्यावाचून पुढे जाता येत नाही. ‘फायर पिट’ म्हटले की काही नवलाची वस्तू वाटते. पण आपल्या भाषेत विस्तवाला जितकी घरे आहेत तितकी क्वचितच कोठे असतील. स्वयंपाकाची ती चूल, उचलून नेता येते ती शेगडी, देवाधर्माचे ते होमकुंड, साधूची ती धुनी, उघड्यावर अंग शेकण्यासाठी पेटवतात ती शेकोटी, आणि शेतात हुरडा भाजण्यासाठी जमिनीत खळगा करून गोवऱ्या पेटवतात ती आगटी. आमच्या वाचकांच्या चिरंजिवांना हवी आहे ती हीच आगटी, फक्त विटांनी बांधलेली आणि भोवती खुर्च्या मांडलेली.

आमचे बालपण इंदूरच्या एका जुन्या वाड्यात गेले. सकाळी बंबात ढलप्या पडत आणि पौषातल्या रात्री चौकात शेकोटी पेटे. माळव्याच्या रात्रींचे, ‘शब-ए-माळवा’चे, कौतुक सारा हिंदुस्थान करतो, पण ती रात्र पौषातली असली की कौतुक करणाऱ्याचेही दात वाजतात. त्या शेकोटीला कोणाची परवानगी लागत नसे असे आम्हांला पुष्कळ वर्षे वाटे. आता विचार करता ध्यानात येते की परवानगी लागत होती, फक्त ती कागदावर नव्हती. शेकोटी कोठे पेटवायची ती जागा ठरलेली होती. वाड्याचे खांब, तुळया, जिने सगळे लाकडी. म्हणून ओसरीपासून ती लांब, चौकाच्या मध्यभागी, आडाजवळ असे. पाण्याची बादली भरून ठेवल्याशिवाय आजी काडी ओढू देत नसत. वरच्या मजल्यावर कोणी बाळंतीण असली किंवा कोणाला दमा असला की त्या दिवशी शेकोटी नाही, एवढे वाक्य पुरे होई. शेवटी उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी ओतून राख भांडी घासायला जाई. जागा, पाणी, शेजारी आणि विझवणे ही ती चार कलमे. पुढे आम्ही वाचलेल्या कोणत्याही कायद्यात यांहून फारसे निराळे काही आढळले नाही.

लाकडी घरांना अग्नीचे भय किती, हे इंदूरकरांना वेगळे सांगावयास नको. आमच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. त्याला १८०१, १९०८ आणि १९८४ अशी तीन वेळा आग लागली. १९८४ साली आम्ही शाळकरी होतो. त्या वेळची आग शेकोटीची नव्हती, माणसांच्या मनातली होती. पण जळते लाकूड कसे कोसळते याचे वर्णन आम्ही मोठ्यांच्या तोंडून तेव्हा ऐकले, ते विसरलो नाही.

आता ज्या देशातून ही कल्पना आली तेथे काय आहे ते पाहू. आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याला आम्ही विचारले, तेव्हा त्याने हसून उत्तर दिले, “सर, येथे आगटीपेक्षा तिचे नियमच मोठे आहेत.” तेथील पुष्कळ राज्ये आणि नगरे ‘इंटरनॅशनल फायर कोड’ नावाची एक नमुना-संहिता आपापले फेरफार करून स्वीकारतात. तीत आनंदासाठी, धर्मकृत्यासाठी, स्वयंपाकासाठी किंवा उबेसाठी उघड्यावर पेटवलेल्या लहान आगीची व्याख्याच केली आहे. तिचा व्यास तीन फुटांहून व उंची दोन फुटांहून अधिक नसावी आणि तीत कचरा जाळलेला नसावा. अशी आग कोणत्याही इमारतीपासून किंवा जळण्याजोग्या वस्तूपासून पंचवीस फुटांच्या आत पेटवू नये. जवळ अग्निशामक नळकांडे, वाळू, माती, पाण्याचे पिंप किंवा बागेची नळी यांपैकी काहीतरी हाताशी असावे, आणि आग पूर्ण विझेपर्यंत कोणीतरी सतत राखणीला बसावे. उचलून नेता येणाऱ्या झाकणाच्या शेगडीसाठी पंधरा फुटांचे अंतर सांगितले आहे, व एकदोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना त्यात सूट दिली आहे. हवामान धोक्याचे असेल तर उघड्यावरील आगीस मनाई करण्याचा आणि पेटलेली आग विझवण्यास लावण्याचा अधिकार अग्निशमन अधिकाऱ्यास असतो. परवाना लागतो की नाही हे मात्र गावोगाव निराळे.

आमचा विद्यार्थी राहतो तो भाग सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतीचा. हवा बिघडण्याची चिन्हे दिसली की तेथील वायुगुणवत्ता खाते इशाऱ्याचा दिवस जाहीर करते, आणि त्या दिवशी घरात काय नि घराबाहेर काय, लाकूड जाळण्यास बंदी असते. प्रथमच नियम मोडणाऱ्याला दंड भरण्याऐवजी लाकडाच्या धुराविषयीचा एक छोटा पाठ पुरा करण्याची मुभा असते. शिक्षेच्या जागी धडा ठेवणारे हे खाते आम्हांला भलतेच आवडले. आमच्या विद्यार्थ्यानेही तो पाठ पुरा केला आहे, हे त्याने बऱ्याच आढेवेढ्यांनंतर कबूल केले!

आपल्याकडे अशी फुटाफुटांची मापे घेऊन कोणी अंगणात येत नाही. आपला कायदा तीन प्रश्न विचारतो. तुम्ही काय जाळता? कोठे जाळता? आणि त्याचा त्रास वा धोका कोणाला होतो?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. १९८१ च्या वायुप्रदूषण-प्रतिबंधक कायद्याने राज्य सरकारला असा अधिकार दिला की प्रदूषण-नियंत्रण क्षेत्रात, इंधन नसलेली एखादी वस्तू जाळल्याने हवा दूषित होत असेल, तर ती जाळण्यास मनाई करावी. ‘इंधन नसलेली’ हे विशेषण वाचकांनी ध्यानात ठेवावे. सुके लाकूड आणि गोवरी हे इंधन. झाडलेली पाने, पुठ्ठे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुने बूट हा कचरा. पुढे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितले, की कचरा निर्माण करणाऱ्याने तो रस्त्यावर, आपल्या आवाराबाहेरील मोकळ्या सार्वजनिक जागी, गटारात वा जलाशयात टाकू, जाळू किंवा पुरू नये. आणि बागेतला पालापाचोळा आपल्या आवारात वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी. हे वाक्य वाचून एका हुशार गृहस्थांनी आम्हांला विचारले होते, “सर, ‘आवाराबाहेरील’ म्हटले आहे, म्हणजे आवाराच्या आत जाळायला मोकळीक झाली ना?” व्याकरणाच्या दृष्टीने प्रश्न बिनतोड होता. पण त्याच वर्षी, २२ डिसेंबर २०१६ रोजी, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर संपूर्ण मनाई केली. साध्या प्रकारात पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई असे त्या आदेशात ठरले. तेव्हा विशेषणाच्या आडोशाला उभे राहून पाने जाळण्याचे दिवस गेले. शिवाय आमचे इंदूर २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिले आले आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे तो मान त्याने राखला. कचरागाडी गाणे गात दारी येत असताना अंगणात पाने पेटवणाऱ्याला बाजू मांडायला तशी जागाच उरत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. रस्ता, उद्यान, वसाहतीची मोकळी जागा ही आपली नव्हे. तेथे आग पेटवायची तर ज्यांची जागा त्यांची संमती हवी. सदनिकांच्या इमारतीत गच्ची आणि आवार सर्वांचे, म्हणून तेथे सोसायटीच्या संमतीवाचून काही करू नये. याखेरीज जिल्हाधिकारी वेळोवेळी मनाईचे हुकूम काढतात. आमच्या मध्य प्रदेशात गव्हाच्या कापणीनंतर नरवाई, म्हणजे शेतातली धसकटे, जाळण्यावर असे हुकूम निघतात, हे खेड्याशी संबंध असलेल्या वाचकांना ठाऊक आहेच. म्हणून काही पेटवण्यापूर्वी त्या हंगामात असा हुकूम आहे काय, हे नगर निगमाच्या विभागीय कार्यालयात विचारून घ्यावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

तिसरा प्रश्न त्रासाचा आणि धोक्याचा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २८७ व्या कलमात, अग्नीच्या बाबतीत अविचाराने वा हयगयीने वागून माणसाचा जीव धोक्यात घालणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितले आहे. येथे एक बारकावा आहे. नुसते वेडेवाकडे पेटवणे एवढाच गुन्हा नव्हे. आपल्या ताब्यातील विस्तवाची पुरेशी काळजी न घेणे हाही तितकाच गुन्हा आहे. निखारे तसेच टाकून झोपायला गेलेला सभ्य गृहस्थ या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. याखेरीज सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास आहेच. शेजारी तक्रार करू म्हणतात ती पोकळ धमकी नव्हे, हे आमच्या वाचकांनी समजून असावे.

आता कोणी म्हणेल, की एवढ्याशा धुराचा केवढा हा बाऊ! पूर्वी नव्हता का धूर? होता, पण हिवाळ्याच्या रात्रीचा स्वभाव लक्षात घ्यावा. एरवी जमिनीलगतची हवा तापून वर जाते आणि धूर तिच्यासवे उंच निघून जातो. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचे जणू झाकण बसते. मग धूर वर न जाता घराघरांतून फिरत राहतो. पहाटे माळव्यात जो निळसर पडदा अंगणावर तरंगताना दिसतो त्यात धुक्याबरोबर अशा पुष्कळ शेकोट्या असतात. शेकोटी हवीशी वाटते ती नेमक्या त्याच रात्री, जेव्हा तिचा धूर जाऊ शकत नाही. त्यात ओली पाने धुमसली की धूर दुप्पट, आणि प्लॅस्टिक पडले की तो विषारी. दम्याच्या माणसाला तो खिडकीच्या फटीतूनही शोधून काढतो.

येथवर आम्ही नियमांची बाजू मांडली. आता आमची स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता नियम सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो तेथे एक वयस्क चौकीदार होते. सगळी मुले त्यांना ‘बाबा’ म्हणत. फाटकाजवळच्या लहानशा खोलीत ते एकटे राहात. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी ते फाटकाशी शेकोटी पेटवीत. तीत कडुनिंबाची पाने, पुठ्ठे, मोडक्या बाकाची फळी, हाती येईल ते पडे. समोरच्या इमारतीतील एका कुटुंबाने तक्रार केली. त्यांच्या घरी श्वासाचा विकार असलेली लहान मुलगी होती. तक्रार खरी होती. वरून परिपत्रकही आलेले होते. आम्ही आदेशपुस्तक मागवले, “शाळेच्या आवारात कोणत्याही प्रकारची आग पेटवू नये” असे सुवाच्य अक्षरात लिहिले, बाबांना वाचून दाखवले आणि खाली त्यांची सही घेतली. त्यांनी मान डोलावली. “जी, बडे सर,” एवढेच ते म्हणाले. एक काम नियमाप्रमाणे पार पडले या समाधानात आम्ही घरी गेलो आणि रजई ओढून झोपलो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळची पाळी भरायची वेळ झाली तरी फाटक उघडलेले नव्हते. मुले बाहेर गोळा झाली होती. एका शिक्षकाने भिंतीवरून उडी मारून खोलीचे दार ठोठावले. आतून उत्तर नाही. दार ढकलून उघडले तो बाबा जमिनीवर वेडेवाकडे पडलेले, ओकारी झालेली, डोळे अर्धवट उघडे. कोपऱ्यात घमेल्यात कोळशाची राख. झरोका त्यांनी थंडीसाठी पुठ्ठ्याने बंद केला होता. बाहेर शेकोटी पेटवायची नाही, म्हणून ते निखारे आत घेऊन निजले होते. साहेबांचा हुकूम त्यांनी अक्षरशः पाळला होता. घमेल्यातल्या निखाऱ्यांना ते ‘आग’ समजत नव्हते.

इस्पितळात त्यांना तासन्‌तास प्राणवायू द्यावा लागला. तेथील डॉक्टरांनी आम्हांला जे समजावले ते प्रत्येक घरात माहीत असावे. कोळसा पुरेशा हवेवाचून धुमसला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांत जातो आणि माणसाला उठवतो; हा वायू उठवत नाही, झोपवतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने बांधला जातो, आणि मग श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे. ज्या निखाऱ्यांचा धूर संपला ते निर्धोक, ही आपल्याकडची समजूत जीवघेणी आहे. दरवर्षी थंडीत उत्तर हिंदुस्थानातून बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. त्या आम्ही तोवर नुसत्या वाचत होतो.

बाबा वाचले. त्यांना भेटायला गेलो तेव्हा आम्ही काही बोलण्यापूर्वी तेच म्हणाले, “गलती हो गई, सर.” चूक त्यांची नव्हती, हे आम्ही त्यांना सांगितले, पण ते त्यांना पटल्यासारखे दिसले नाही. ज्याच्याकडे आदेशपुस्तक असते त्याची चूक सहसा कोणाला दिसत नाही, हे आम्हांला त्या खाटेशेजारी उभे असताना कळले.

परत येऊन आम्ही झरोक्याचा पुठ्ठा काढवला, खोलीतल्या विजेच्या तारा नव्या घातल्या, हीटर आणला, जाड रजई आणली. आदेशपुस्तकात त्या जुन्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली, की चौकीदाराच्या उबेची व्यवस्था करणे ही मुख्याध्यापकाची जबाबदारी राहील. आणि या वेळी सही आमची केली. दिल्लीच्या प्रदूषण-निवारण आराखड्यात उघड्यावर जाळण्याच्या बंदीबरोबरच, वसाहतींनी आपल्या रखवालदारांना विजेचे हीटर पुरवावेत असे कलम घातलेले पुढे आमच्या वाचनात आले. ते वाचताना बरे वाटले, आणि वाईटही वाटले. जो नियम एखाद्याच्या पुढ्यातला विस्तव काढून घेतो, त्याने त्याच ओळीत दुसरी ऊब दिली पाहिजे. आपल्या वसाहतीच्या फाटकाशी जो माणूस रात्रभर बसतो त्याला ‘धूर करू नकोस’ सांगण्यापूर्वी त्याच्या खोलीत एकदा डोकावून यावे, एवढे तरी वाचकांनी करावे अशी आमची विनंती आहे.

असो. आता मूळ पत्राकडे वळू. वीस बाय पन्नासच्या प्लॉटवर बांधीव आगटी नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण हिशेबाचे आहे. तीन फुटांची आगटी आणि चोहोबाजूंनी पंचवीस फुटांचे अंतर धरले तर त्रेपन्न फूट व्यासाची मोकळी जागा लागते. आपला सबंध प्लॉट तिच्यात बसत नाही, आगटी प्लॉटमध्ये कोठून बसणार? चिरंजिवांच्या घरामागे जे शोभते ते येथे लिंबाच्या झाडाला आणि शेजाऱ्यांच्या पडद्यांना सोसणार नाही. अमेरिकेतला नियम आपल्याला लागू नाही हे खरे. पण अग्नीला देशाची सीमा ठाऊक नसते, आणि ठिणगी जितकी तेथे उडते तितकीच येथे.

मग मुलानातवंडांनी विस्तवाभोवती बसूच नये काय? अवश्य बसावे. एक लहान लोखंडी शेगडी आणावी. ती उघड्यावर, कोऱ्या फरशीवर, झाड, भिंत, कपड्यांची दोरी, मोटारसायकल आणि गॅसचे सिलिंडर यांपासून जितकी दूर ठेवता येईल तितकी ठेवावी. जळण म्हणून पूर्ण सुके, रंग वा पॉलिश नसलेले लाकूड किंवा गोवरीच घ्यावी. पाने, प्लायवूड, प्लॅस्टिक काही नको, आणि रॉकेल वा पेट्रोल ओतणे तर मुळीच नको. वारा असेल तर तो दिवस सोडावा. पाण्याची बादली आणि वाळूचे डबडे आधी भरावे, मग काडी ओढावी. लहान मुले व नायलॉनचे कपडे यांना दोन हात लांब ठेवावे. एका मोठ्या माणसाने शेवटपर्यंत तेथेच बसावे. उठताना निखाऱ्यांवर पाणी घालावे, ढवळावे, पुन्हा घालावे, आणि राखेवर हात धरला असता ऊब लागली नाही म्हणजेच आत जावे. उरलेली शेगडी काही केल्या खोलीत नेऊ नये. खिडकी उघडी ठेवली तरी नाही. आगीचा प्रसंग आलाच तर १०१ किंवा ११२ हे क्रमांक घरातल्या लहानांनाही पाठ असावेत. लिंबाची पाने जाळू नयेत. झाडाच्याच बुंध्याशी एका खड्ड्यात माती आणि थोडे शेण यांच्या थरांत घालावीत, काही महिन्यांत त्याच झाडाला खत मिळेल.

आणि शेजाऱ्यांस काय उत्तर द्यावे? आमच्या मते उत्तर देऊच नये, प्रश्न विचारावा. शेगडी आणण्याआधी एका संध्याकाळी दोघांनी त्यांच्याकडे जावे आणि म्हणावे, “अहो, नातवंडे यायची आहेत. रविवारी दुपारी अंगणात गोवऱ्यांवर बाफले भाजायचा विचार आहे. तुमच्याकडे कोणाला धुराचा त्रास आहे का?” रात्रीऐवजी दुपार सुचवली आहे ती मुद्दाम, उन्हात हवा वर जाते आणि धूर तिच्यासवे जातो. त्यांच्या घरी कोणी दमेकरी निघाले तर बाफले गॅसच्या ओव्हनमध्ये करावेत. तूप भरपूर असले की तेही बरे लागतात. आणि कोणी नसले तर त्यांनाही पानावर बोलवावे.

हे सांगणे सोपे आहे, करणे अवघड, हे आम्ही जाणतो. वाड्यात शेजाऱ्याचा खोकला भिंतीतून ऐकू येत असे, म्हणून तो विचारावा लागत नसे. आता भिंती पक्क्या झाल्या आहेत आणि खोकला विचारल्याशिवाय कळत नाही. आमच्या शाळेसमोरच्या त्या लहान मुलीच्या घरी आम्ही तक्रार येण्यापूर्वी कधी गेलो नव्हतो, आणि बाबांच्या खोलीत तर आदेश काढल्यानंतरही गेलो नाही. दोन्ही घरे आमच्या कचेरीपासून शंभर पावलांवर होती.

बाबा नंतर दोन वर्षांनी आपल्या गावी परतले. जाताना त्यांनी हीटर सोबत नेला नाही. “नया चौकीदार आएगा, सर, उसको लगेगा,” असे म्हणून तो पुसून, दोर गुंडाळून, आमच्या टेबलावर ठेवला. आदेशपुस्तक बहुधा अजून त्या शाळेच्या कपाटात असेल. त्यातल्या त्या दोन ओळी कोणी वाचल्या, तर दोन्ही वाचाव्यात अशी आमची इच्छा आहे.